पहिली आणि शेवटची रांग

दोन महिने लवंगी हॉस्पिटलला शिव्या घालत होती. भावाच्या पोटात कर्करोग, सर्जनबाईंनी तपासून सांगितलेलं की लवकरात लवकर ऑपरेशन करा, आणि हॉस्पिटल आपलं तारखा पुढे ढकलतंय! दादा तरी तेच सांगायचा, "त्यांच्याकडे गर्दी आहे गं, पुढची तारीख दिलीय." मग एका सोमवारी दुपारी वहिनीचा फोन आला. लवंगीने हातमोजे ओढून काढले, मास्क हनुवटीवर घेतला, आणि वहिनीचं पहिलंच वाक्य ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्पिटलने काहीही पुढे ढकललं नव्हतं. दोन्ही वेळा दादानेच फोन करून 'आत्ता नको' म्हणून कळवलं होतं.

"पण का?"

"औषधाची वाट बघताहेत," वहिनी म्हणाली. "तुमच्या लॅबच्या. पेपरात आलंय ना ते."

लवंगी हे काही कागदोपत्री नाव नव्हे. दिसायला एवढीशी आणि अंगावर आली की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी, म्हणून दादानेच ते लहानपणी ठेवलं होतं. संशोधन संस्थेत सगळे तिला ताई म्हणत. ती डॉक्टर नव्हती, शास्त्रज्ञ नव्हती, पेशी वाढवायच्या खोलीतली तंत्रज्ञ होती. माणसाच्या पोटातून कधीकाळी काढलेल्या कर्करोगाच्या पेशी प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्यांत जिवंत ठेवायच्या, त्यांना दर दोन दिवसांनी गुलाबी द्रवाचं खाणं घालायचं, दाटी झाली की दुसऱ्या बाटलीत हलवायच्या, हे तिचं काम. ज्या पेशींच्या जिवावर सहा जण डॉक्टरेट मिळवून बाहेर पडले, त्यांना नऊ वर्षं खाऊ-पिऊ घातलं हिने. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांच्या यादीत तिचं नाव यायचं, तेही दोनदा चुकीचं छापलेलं.

त्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि थेट दादाची बेकरी गाठली.

दादा काउंटरमागे उभा होता. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलेलं दिसत होतं, आणि तरीही पँट खाली घसरत होती. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं. मथळा होता, 'इवल्या रेणूने पोटाच्या कर्करोगाला वेसण'. फोटोत लॅबचे प्रमुख, मोठे सर, सूक्ष्मदर्शकाशेजारी हसत होते, आणि मागे कोपऱ्यात निळ्या गाउनमधला एक कोपर होता. तो कोपर आपल्या बहिणीचा आहे, हे दादा पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे.

"तुला अक्कल आहे का?" लवंगीने दारातूनच तोंड सोडलं. "दोन महिने? माझ्याशी खोटं बोललास?"

"हळू बोल, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकालाही कळू दे!"

गिऱ्हाईक शहाणं होतं, सुट्टे न घेताच निघून गेलं. वहिनी आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिने काहीच बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. दोन महिने बोलून तिचं तोंड दुखलं असणार.

"हे बघ," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "ती बाई म्हणते पोट कापायचं. अर्धं तरी जाणार. मी बेकरीवाला माणूस, मला चाखायला पोट लागतं. आणि इकडे माझी सख्खी बहीण त्याच रोगावरच्या औषधात. मग घाई कशाला करू? तूच सांगितलं होतंस ना मला, त्या चिठ्ठ्यांचं?"

सांगितलं होतं, आणि तेही अगदी रंगवून. पेशीच्या गाभ्यातून सारखे हुकूम सुटतात, हे बनव, ते बनव, वाढ, फूट. हुकुमाची प्रत घेऊन जाणाऱ्या लांबलचक चिठ्ठ्या असतात. आणि काही अगदी बारक्या चिठ्ठ्या असतात, आरएनएचे वीस-बावीस अक्षरांचे तुकडे, त्यांचं काम एकच. मोठ्या चिठ्ठीला जाऊन चिकटायचं आणि तो हुकूम रद्द करायचा. पोटाच्या कर्करोगात अशा काही बारक्या चिठ्ठ्या कमी पडतात, म्हणून 'वाढ, वाढ' हा हुकूम थांबवायला कुणी उरत नाही. मोठ्या सरांनी त्यातली एक निवडली, ती बाहेरून पेशींत घातली, आणि पेशींची वाढ चाळीस टक्क्यांनी मंदावली. हे सांगताना आपण दादासमोर केवढी फुशारकी मारली होती, ते लवंगीला आठवलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"ते प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये आहे रे! माणसात यायला दहा वर्षं लागतील, आणि येईलच असंही नाही."

"पण पेशींची वाढ थांबते ना?"

"मंदावते."

"मग औषध आलं की माझीही मंदावेल, तोवर थांबतो. मला एवढंच सांग, छापलंय ते खोटं आहे का? हो की नाही?"

लवंगीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या मनात कुठेतरी एक गोष्ट होती, नऊ वर्षं होती. पण ती गोष्ट बाहेर काढायची तिला सवयच राहिली नव्हती.

"खोटं नाही," ती म्हणाली.

"झालं तर मग," दादा म्हणाला आणि फडक्याने काउंटर पुसायला लागला.

जाताना वहिनीने तिला रस्त्यावर गाठलं. सर्जनबाईंनी शेवटची तारीख दिली होती, येत्या सोमवारनंतरचा गुरुवार. त्यानंतर कापून उपयोग होईल याची खात्री देत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "मी सांगून थकले," वहिनी म्हणाली. "माझं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ते तुमचंच ऐकतात. त्या पेपरावर त्यांचा विश्वास नाही हो, तुमच्यावर आहे."

मंगळवारी सकाळी लवंगी कामाला आली आणि गाउन न घालताच पेशींच्या खोलीत उभी राहिली. समोर काचेच्या कपाटावर मोठ्या सरांचा नकाशा चिकटवलेला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी हाताने काढलेला, वर प्लॅस्टिक चढवलेला. शहाण्णव खळग्यांची प्लेट असते, बारा उभ्या रांगा, प्रत्येकीत आठ खळगे. प्रत्येक खळग्यात चार थेंब द्रव आणि काही हजार पेशी. नकाशाप्रमाणे पहिल्या आणि शेवटच्या रांगेत खरा रेणू घालायचा, आणि मधल्या रांगांत तुलनेसाठी बनावट रेणू, म्हणजे तेवढ्याच अक्षरांचा पण अर्थ नसलेला तुकडा. खरा रेणू दोन टोकांना ठेवला की तो चुकून शेजारी उडून तुलना बिघडणार नाही, असं सरांचं म्हणणं. बाबा वाक्यं प्रमाणम्! तेव्हापासून कुणी हा नकाशा बदलला नव्हता.

आणि प्लेटच्या कडेचे खळगे लवकर सुकतात. हे पेशींच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. उबेच्या कपाटाचं दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं, खालच्या तबकातलं पाणी आटतं, आणि वाफ आधी कडेची होते. खाणं आटलं, खारटपणा वाढला की पेशी मंदावतात. शहाणी माणसं कडेच्या खळग्यांत नुसतं पाणी भरून ते सोडून देतात. लवंगीने पहिल्याच वर्षी हे एका संशोधक मुलाच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, सरांचा नकाशा आहे." मग ती गप्प बसली. त्याच्यानंतर आलेली गप्प बसली, तिच्यानंतर आलेलाही गप्प बसला. सगळ्यांना आपापली पदवी घेऊन निघायचं होतं आणि लवंगीला नोकरी टिकवायची होती. अळीमिळी गुपचिळी!

तिने तीन प्लेटा भरायला घेतल्या. पहिलीत काहीच घातलं नाही, शहाण्णव खळग्यांत त्याच पेशी, तेच खाणं, ना खरा रेणू ना बनावट. दुसरीत नकाशा उलटा केला, बनावट टोकांना आणि खरा मध्ये. तिसरी सरांच्या नकाशाप्रमाणे. हात सवयीने चालत होते, आठ तोंडांची पिपेट एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. आणि डोकं मात्र तापलेलं होतं. एवढं सोपं होतं हे. एक सकाळ, तीन प्लेटा. नऊ वर्षांत एवढी एक सकाळ कुणाला मिळाली नाही? आणि मला?

शुक्रवारी तिने जिवंत पेशी जांभळ्या करणारा रंग घातला आणि प्लेटा यंत्रात मोजल्या. तिसऱ्या प्लेटने पेपरातलीच बातमी पुन्हा सांगितली, चाळीस टक्के. पहिल्या प्लेटमध्ये, जिथे काहीच घातलं नव्हतं, तिथे पहिली आणि शेवटची रांग सदतीस टक्क्यांनी मागे. आणि दुसऱ्या प्लेटमध्ये बनावट रेणूने कर्करोगाला चांगलीच वेसण घातली होती. खरा रेणू मध्ये बसून काहीही करत नव्हता. पेशी त्याच्या नाकावर टिच्चून वाढत होत्या.

लवंगी आधी हसली. मग तिने टेबलावरची पेनं भिंतीवर फेकली, एकामागून एक, चारही.

मोठे सर सभ्य गृहस्थ होते. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, छापील आकडे शांतपणे पाहिले, चष्मा काढून पुसला.

"ताई, एका आठवड्याच्या तीन प्लेटांवरून नऊ वर्षांचं काम मोडीत काढायचं नसतं."

"नऊ वर्षांचं काम नाही सर, एकच चूक नऊ वर्षं केलीय आपण."

"तपासू ना. पुढच्या वर्षी नवीन माणसं येतील, नीट आखणी करून तपासू. इतर देशांतल्या लोकांनाही असेच निकाल आलेत."

"ते कुठल्या रांगेत काय भरतात, पाहिलंय कुणी?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. लवंगीने मग दादाचं सगळं सांगितलं. सर मनापासून हळहळले, तेच तिला जास्त झोंबलं.

"पण मी कधी म्हटलं का, ऑपरेशन करू नका म्हणून? पेपरवाले काहीही छापतात."

"मग मला एवढं लिहून द्या. 'आमची प्लेट चुकली होती, या रेणूने वाढ थांबते याला आमच्याकडे पुरावा नाही.' दोन ओळी, आणि खाली तुमची सही. तो छापील कागद मानतो, कागदानेच त्याला सोडवते."

सरांनी खरंच कागद ओढला आणि लिहिलं. सुंदर अक्षर होतं. 'सदर संशोधन प्राथमिक स्वरूपाचे असून रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' खाली सही, तारीख.

"यात आपल्या चुकीचं कुठंय?" लवंगीने विचारलं.

"यात चुकीचं काहीच नाही," सर म्हणाले.

तिने तो कागद घडी न घालता तसाच टेबलावर ठेवला. परत जाऊन काचेच्या कपाटावरचा नकाशा नखांनी उचकटला. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले. नकाशा आणि आकड्यांचे तीन कागद पिशवीत घालून ती निघाली.

दादाने नुकतीच भट्टी उघडली होती. लवंगीने त्याला हात पुसू दिले, मग नकाशा काउंटरवर पसरला. आज ती ओरडली नाही. प्लेट म्हणजे काय, रांगा कशा, खरा रेणू कुठे घालतात, बनावट कुठे, हे बोट ठेवून दाखवलं.

"ही प्लेट मग तीन दिवस उबेच्या कपाटात असते. बंद कपाट, खाली पाण्याचं तबक..."

"थांब," दादा म्हणाला. त्याने नकाशा स्वतःकडे फिरवला. "खरं औषध दोन्ही टोकांना?"

"हो."

"कडेला?"

"हो."

"अगं, मग कडेचे आधी सुकणारच." त्याने मागे न बघता भट्टीकडे हात केला. "यात औषधाचं काय आलं? ट्रेच्या कडेला काहीही ठेव, ते मधल्यापेक्षा वेगळंच होणार. हे भट्टीजवळ आठ दिवस उभं राहिलेल्या माणसाला कळतं! एवढे शिकलेले लोक तुमचे, त्यांना कळत नाही?"

"कळतं रे. आम्हाला सगळ्यांना ठाऊक..."

वाक्य अर्धवट राहिलं. वहिनी आत भांडी लावत होती, तो आवाजही थांबला.

"आम्हाला म्हणजे?" दादाने विचारलं. "तुला?"

आता खोटं बोलायचं तर मोठ्या सरांच्या कागदात आणि तिच्यात फरक उरला नसता.

"मला."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

लवंगीला वाटलं तो ओरडेल. लहानपणापासून दोघं ओरडूनच बोलत आलेली, भांडण झालं की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. दादा ओरडला नाही. त्याने काउंटरची कड धरली, कारण त्याला हल्ली फार वेळ उभं राहवत नसे.

"मी त्या दिवशी तुला विचारलं होतं, खोटं आहे का."

"मी तेव्हा तपासलं नव्हतं, दादा. नक्की नव्हतं."

"नक्की नव्हतं, मग तसं म्हणायचं. 'दादा, मला शंका आहे.' किती शब्द झाले? तुझ्या सरांना मी ओळखत नाही, पेपरवाल्याला ओळखत नाही. ते दोघं फसवतील, जग फसवतंच. मी तुला विचारलं होतं." त्याचा आवाज तेवढ्यात फाटला. "जगाला तिखट, आणि जिथे बोलायचं तिथे तोंडात गूळ!"

ती रडली असती तर त्याने तिला समजावलं असतं, आणि ते तिला नको होतं, म्हणून ती दात आवळून उभी राहिली. दादाने एप्रन सोडला, खुंटीला न लावता जमिनीवर टाकला आणि आत बघून म्हणाला, "सर्जनबाईंना फोन लाव. गुरुवारी येतो म्हणावं."

गुरुवारी ऑपरेशन सहा तास चाललं. सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी काढली, आणि वहिनीशी बोलताना त्यांनी एक शब्दही गोड केला नाही. गाठ पसरली होती. यकृत वाचलं होतं, हे नशीब. पण अर्धं पोट ठेवता आलं नाही, पूर्ण काढावं लागलं, आजूबाजूच्या ग्रंथीही. दोन महिन्यांपूर्वी आले असते तर? तर अर्धं राहिलं असतं, बाई म्हणाल्या, आणि पुढच्या रुग्णाकडे गेल्या. वहिनी बाकावर बसली. तिने लवंगीकडे पाहिलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं लवंगीला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादा नीट शुद्धीवर होता. नाकात नळी, ओठ कोरडे. लवंगी खुर्ची ओढून बसली.

"किती काढलं?" त्याने विचारलं. "ही सांगत नाही. नंतर सांगते म्हणते."

लवंगीच्या जिभेवर दहा मऊ वाक्यं आली. तिने ती गिळली.

"सगळं."

"वेळेवर आलो असतो तर?"

"अर्धं राहिलं असतं. बाई म्हणाल्या तसं."

दादाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं, ते त्याने पुसलं नाही. तिनेही पुसायला हात पुढे केला नाही. तो हक्क आपल्याला आत्ता नाही, हे तिला कळत होतं.

"ज्या विज्ञानाच्या मासिकात सरांचा शोधनिबंध छापून आला, त्यांना मी पत्र लिहिलंय," ती म्हणाली. "दोन दिवस बाहेर बाकावर बसून लिहिलं. सरांचा नकाशा, तिन्ही प्लेटांचे आकडे, पेपरातली बातमी, तुझं ऑपरेशन, सगळं घातलंय. सोडत नाही मी त्यांना."

"वाच."

तिने पिशवीतून कागद काढला आणि हळू आवाजात वाचला. सरांनी नकाशा काढला, संस्थेने तो चालू ठेवला, संशोधकांनी दुर्लक्ष केलं, माझ्या भावाने विश्वास ठेवला आणि त्याचं पोट गेलं. पत्र चांगलं झालं होतं, त्यातली आग वाचताना तिच्या स्वतःच्या आवाजात उतरली.

"आणि प्लेटा कोण भरत होतं?" दादाने विचारलं.

लवंगीने कागदाकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'प्लेटा नकाशाप्रमाणे भरल्या जात.'

"माझं पोट काढून टाक त्यातून," दादा डोळे मिटत म्हणाला. "एकदा काढलंय, तेवढं पुरे. तिथे तुझं नाव घाल. सगळ्यात वर."